तंत्रस्नेही

प्रत्येक हायस्कुलात एक तरी तंत्रस्नेही शिक्षक असतो. हे पद सेवाज्येष्ठतेने मिळत नाही, त्याला वेतनश्रेणी नाही आणि त्यासाठी मुलाखतही होत नाही. पंधरा ऑगस्टला प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहतात, माईक कोकलतो, आणि कुणी तरी उठून एक वायर इकडची काढून तिकडे खोचतो. योगायोगाने कोकलणं थांबतं. त्या क्षणापासून तो माणूस तंत्रस्नेही. पुढे प्रिंटरमध्ये कागद अडकला, पगाराच्या शालार्थ पोर्टलचा पासवर्ड कुणाला आठवेना, यू-डायस पोर्टलवर शाळेची माहिती भरताना पान गोल गोल फिरत राहिलं, की शिपाईमामा वर्गाच्या दारात येऊन उभे राहतात. "सर, ऑफिसात बोलावलंय." मुलांना 'स्वाध्याय सोडवा' असं सांगून तो निघतो. तंत्रज्ञानामुळे शिक्षणाचं पहिलं नुकसान होतं ते असं, तंत्रस्नेही शिक्षकाच्याच वर्गात.

आमच्या शाळेत हा मान माझ्याकडे आहे. मी विज्ञान शिकवतो, आणि विज्ञान शिकवणाऱ्याला विजेचं सगळं कळतं हा समज आपल्याकडे पक्का आहे. त्यामुळे 'ब्लेंडेड लर्निंग'चं परिपत्रक आलं तेव्हा ते वाचायच्या आधीच मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सरकवलं. थोडं फळ्यावर, थोडं पडद्यावर. थोडं वर्गात, थोडं घरी मोबाईलवर. आणि या दोन्हींची सांगड शिक्षकाने घालायची, असा त्याचा मथितार्थ. सहकाऱ्यांना यात मदत करायची जबाबदारी माझी. "तुम्ही फक्त सगळ्यांना तयार करा," मुख्याध्यापक म्हणाले. तो 'फक्त' त्यांनी इतक्या सहज उच्चारला, की शाळेचा निकाल शंभर टक्के लावायला सांगतानाही ते हाच शब्द वापरतात हे मला तेव्हा आठवलं.

स्टाफरूममध्ये मी विषय काढला. कुणी विरोध केला नाही. शिक्षक विरोध करत नाहीत, ते वह्या तपासायला घेतात. इतक्या एकाग्रतेने वह्या तपासल्या गेलेल्या मी एरवी पाहिल्या नव्हत्या. शेवटी इतिहासाच्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सर, या शाळेत मी आल्यापासून चार क्रांत्या पाहिल्या. ही पाचवी. कपाट कुठलं द्यायचं ते सांगा."

बाईंचं बोलणं विनोदाचं होतं, पण इतिहास त्यांच्या बाजूने होता. एडिसनने 1913 मध्येच सांगून टाकलं होतं, की शाळेतली पुस्तकं आता लवकरच कालबाह्य होणार आणि मुलं सगळं चलच्चित्रांतून शिकणार. एडिसनचा दिवा लागला, भाकीत विझलं. पुढे रेडिओ आला, मग टीव्ही आला. आपल्याकडे 1984 मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि दूरदर्शनवरून शाळेतले धडे दिसू लागले. ती संस्थाही पुढे बंद पडली. लॅरी क्यूबन नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक आहेत, मूळचे हायस्कुलातले इतिहासाचे शिक्षक. त्यांनी 1986 साली या सगळ्याचा हिशेब 'टीचर्स अँड मशिन्स' या पुस्तकात मांडला. नवं यंत्र येतं, ते शाळा बदलून टाकणार असा गाजावाजा होतो, काही वर्षांनी कुणी मोजायला जातं तर वापर जेमतेम निघतो, आणि मग सगळ्यांचं बोट शिक्षकाकडे वळतं. शिक्षकाला ते यंत्र हवं होतं का, त्याच्या तासात ते कुठे बसणार होतं, हे आधी विचारायचं मात्र राहून गेलेलं असतं.

आमच्या शाळेतली चौथी क्रांती म्हणजे स्मार्ट टीव्ही. लोकवर्गणीतून आला, नारळ फुटला, फोटो निघाले. शोकेसमधल्या पाहुण्यांसाठीच्या कपबशांसारखा तो जपला गेला. हस्तकलेच्या बाईंनी त्याला भरतकामाचं आवरण शिवलं, मामांनी त्याच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली ऑफिसात ठेवली. किल्ली मागायची तर रजिस्टरमध्ये सही. सही करायला वही शोधायची. वही सापडेपर्यंत पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा गेलेली. मग एक्स्टेंशन बोर्ड. तो निवडणुकीच्या कामाला गेलेला. मुलांना रांगेने त्या खोलीत न्यायचं आणि आणायचं, त्यात आणखी दहा. उरलेल्या पंधरा मिनिटांत लाईट असेलच याची खात्री महावितरणही देत नाही. एवढ्यात खडूने आकृती काढून, समजावून, वर दोन उदाहरणं सोडवून होतात. शिक्षक यंत्राला घाबरतात असं प्रशिक्षणात सांगितलं जातं. घाबरत नाहीत. ते मिनिटांचा हिशेब करतात, आणि तो हिशेब बरोबर असतो.

प्रशिक्षणं हा एक वेगळाच प्रांत. तालुक्याच्या ठिकाणी सभागृह, बाहेर टेबलावर उपस्थिती पत्रक, आत शंभरएक शिक्षक, पुढे एक सुलभक. "आता सगळ्यांनी ॲप उघडा." शंभर मोबाईल एकाच रेंजवर तुटून पडतात आणि कुणाचंच काही उघडत नाही. सुलभक आशावादी असतात. "उघडलंय असं समजा." आम्ही समजतो. "आता उजवीकडे वर तीन टिंबं दिसतील." तीही दिसली असं समजतो. त्यानंतर चहा येतो, तो मात्र खरोखरचा असतो. दुपारी अभिप्राय भरायची लिंक येते आणि प्रत्येक जण 'प्रशिक्षण अत्यंत उपयुक्त' यावर खूण करतो, कारण खूण केल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पण तीन टिंबं कुठे आहेत हे शिकणं म्हणजे विकास, असा त्याचा अर्थ आपण लावला, तर ते 50 तास चहापुरतेच उरतील.

मी माझं काम सुरू केलं ते एका अनपेक्षित अडचणीपासून. कुणाच्याही मोबाईलमध्ये नवं ॲप बसेना. जागाच नव्हती. भूगोलाच्या सरांच्या फोनमध्ये डोकावलो तर आत सूर्योदय, कमळ, वाफाळता चहा आणि त्याखाली सुविचार अशी शेकडो चित्रं, जोडीला शासन निर्णयांच्या पीडीएफ, त्याही एकेक तीन-तीन ग्रुपवरून आलेल्या. डिजिटल शिक्षणाच्या आड डोंगर, दऱ्या, गरिबी आणि रेंज येते असं आपण ऐकतो. त्यात 'सुप्रभात'ची भर घालायला हवी. सरांना सुविचार पुसायला जड गेलं. "एवढा एक राहू दे, डीएड कॉलेजच्या मित्राने पाठवलाय." तो राहिला, बाकीचे गेले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत जगाचा नकाशा आला.

पण खरी सुरुवात भूमितीच्या सरांनी केली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, खडूने हातानेच असं वर्तुळ काढतात की मुलं म्हणतात, कंपास सरांवरून तपासून घ्यावा. त्यांना ॲपची गरज काय, हा त्यांचा प्रश्न मला मान्य होता, म्हणून मी ॲपचं नावही काढलं नाही. एका ऑफ तासाला ते स्वतःच वैतागून बोलले. "पोरं प्रमेय पोपटासारखं म्हणतात. एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सर्व कोन एकरूप असतात. आणि पेपरात बिंदू जरा बाजूला सरकवून दिला की प्रत्येकाचं उत्तर वेगळं. अहो, फळ्यावर बिंदू सरकत नाही ना! पाच कोन काढले की आकृतीचा नुसता गुंता होतो."

बिंदू सरकत नाही! अडचण सरांची होती, नेमकी होती आणि त्यांच्या तोंडून आली होती. मी जिओजेब्रा उघडून फोन त्यांच्या हातात दिला. मार्कुस होहेनवार्टर नावाच्या ऑस्ट्रियन विद्यार्थ्याने साल्झबर्ग विद्यापीठात 2001 मध्ये हे सुरू केलं, ते फुकट मिळतं आणि एकदा फोनमध्ये बसलं की नेटवाचूनही चालतं. पण हे मी सरांना सांगितलं नाही. मी फक्त दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून बसलो. दुसऱ्याला शिकवताना सगळ्यात कठीण काय असेल तर ते हेच. समोरच्याचं बोट चुकीच्या जागी चाललेलं दिसतं आणि आपला हात आपोआप पुढे जातो, 'आणा इकडे, मी करून देतो.' करून दिलं की काम होतं आणि शिकणं संपतं. सरांच्या जाड अंगठ्याने आधी एकात एक दोन वर्तुळं काढली, मग एक पुसलं, मग जीवा काढताना तो वर्तुळाबाहेर गेला. घंटा होईपर्यंत कोन तयार होता, 40 अंशांचा.

दुसऱ्या दिवशी दहावीचा तास त्या कुलूपबंद खोलीत झाला. किल्ली मी मधल्या सुट्टीतच आणून ठेवली होती. तंत्रस्नेही माणसाचं निम्मं काम किल्लीचं असतं. फोन टीव्हीला जोडला आणि मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. सरांनी बिंदू कंसावर सरकवला. कोन 40. आणखी सरकवला. 40. मुलं पुढे झुकली. "सर, अजून खाली, अजून खाली." बिंदू जीवेच्या टोकापर्यंत आला, पलीकडच्या कंसावर उतरला आणि पडद्यावर एकदम 220 आलं.

वर्ग चिडीचूप. 40 चे 220? सेटिंगमध्ये कोन कुठून कुठे मोजायचा ते ठरवता येतं, हे मला ठाऊक होतं. उठून सांगणार तोच सरांनी टीव्हीकडे पाठ फिरवली आणि खडू उचलला.

"हे यंत्र बाहेरून मोजतंय. 360 मधून 220 गेले?"

"140."

"140 आणि मघाचे 40?"

"180."

"मघाचा बिंदू आणि आत्ताचा बिंदू, दोन्ही जीवेच्या टोकांना जोडा. चौकोन कोणता झाला?"

अर्धा वर्ग एकदम ओरडला, "चक्रीय!" पुढचं प्रमेय पुढच्या आठवड्यात यायचं होतं, ते आपल्या पायांनी चालत आलं. ज्याला भूमिती येत नाही त्याच्या हातात ते 220 पडले असते तर ॲप बिघडलंय म्हणून तास तिथेच संपला असता. 'ब्लेंडेड'वर मी पुष्कळ स्लाईड पाहिल्या आहेत. त्यांतली एकही मला हे दाखवू शकली नाही, की बिंदू सरकवायला पडदा लागतो आणि 220 चा अर्थ लावायला इतक्या वर्षांचा खडू लागतो.

माझ्या विषयातही तेच. कार्ल वायमन यांना 2001 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात फेट हा प्रकल्प सुरू केला. त्यात पडद्यावर प्रयोग करता येतात, त्यातले कितीतरी मराठीतही आहेत. विद्युत परिपथ जोडायचा प्रयोग मी नववीला दिला. पहिल्या मिनिटात सगळ्या गटांनी बॅटरीची दोन टोकं एकमेकांना जोडली आणि पडद्यावर आग लावली. मी काही बोललो नाही. प्रयोगशाळेत हे करू देता येत नाही, कारण तिथला ॲमीटर डेडस्टॉक रजिस्टरला आहे आणि तो जळाला तर माझ्या पगारातून जाईल. पडद्यावरच्या ॲमीटरला डेडस्टॉक नाही. मुलांनी मनसोक्त जाळपोळ केली आणि शॉर्ट सर्किट म्हणजे काय हे पुन्हा सांगावं लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना खऱ्या तारा दिल्या तेव्हा परिपथ अचूक जोडूनही दिवा लागेना. पडद्यावर तार नेहमी स्वच्छ असते. प्रयोगशाळेत तिचं टोक पॉलिश पेपरने घासावं लागतं. घासलं, दिवा लागला, आणि आरोळी आदल्या दिवशीपेक्षा मोठी होती.

मराठीच्या बाईंचा मार्ग तिसराच. त्यांना पडदा नकोच होता. मला एक परदेशी उदाहरण आठवलं. कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक होते. सामने आणि लांबचे प्रवास यांमुळे मुलांचे तास बुडत, म्हणून 2007 मध्ये त्यांनी आपले पाठ रेकॉर्ड करून ठेवायला सुरुवात केली. मुलं ते घरी बघत, आणि वर्गातला वेळ अडलेलं सोडवायला मोकळा राहू लागला. हे मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "आपल्याकडे सामने कुठले? आपल्याकडे सोयाबीनची काढणी, जत्रा, मावशीचं लग्न आणि न आलेली एसटी." शिवाय घरात फोन एकच, तो वडिलांचा, आणि तो वडिलांबरोबर रात्री घरी येतो. त्यावर व्हिडिओ पाठवला की वडिलांचं दिवसाचं नेट संपतं आणि दुसऱ्या दिवशी वडील शाळेत येतात.

म्हणून बाईंनी उलटं केलं. आपण काही पाठवायचं नाही, मुलांकडून मागवायचं. धड्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचा आणि आवाज पाठवा. फारसा डेटा जात नाही, ॲप नवं नाही. पंचावन्न मुलांच्या वर्गात एका तासाला चार-पाच जणांचंच वाचन होतं, ते हात वर करणाऱ्यांचं. आता रात्री नऊनंतर बाईंच्या फोनवर वाचनांची रांग लागते. मागे म्हशी हंबरतात, कुठे मालिका चालू असते, कुठे आजी विचारते, "कुणाशी बोलतेस गं?" वर्गात जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता ती मुलगी घरी खणखणीत वाचते असंही निघालं. तिच्या वाचनात दर ओळीला कुकरची शिट्टी. बाईंनी तिला उत्तर पाठवलं: "बाळ, छान वाचलंस. फक्त स्वल्पविरामाला थांबत जा, शिट्टीला नको."

आपल्याकडे या विषयावर बोलताना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव निघतंच. 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिले. भाषणांत एवढं येतं, पाठोपाठ पुस्तकातला क्यूआर कोड येतो. पण कोडच्या आधी काय होतं ते फारसं येत नाही. शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक दुसऱ्याच भाषेत, ही अडचण त्यांना आधी दिसली, ते स्वतः ती भाषा शिकले, आणि मग कोड चिकटला. आपण कोड उचलला आणि मधला भाग वगळला. आता पुस्तकाच्या पानापानावर कोड आहे आणि तो स्कॅन केलास का, असं मुलाला विचारलं तर ते म्हणतं, "फोन बाबांकडे असतो."

या सगळ्यात मला खरा अडथळा कुठे दिसला असेल तर तो पुरावे मागण्यात. भूमितीच्या सरांचा तास झाल्याचं वर कळलं आणि आनंदीआनंद झाला. लगेच संदेश आला: सदर उपक्रमाचे फोटो, शक्यतो जिओटॅगसह, आज सायंकाळपर्यंत लिंकवर भरावेत. पाठोपाठ: सर्व विषय शिक्षकांनी आठवड्यातून किमान अमुक तास. सरांचा चेहरा उतरला. बिंदू सरकवायचा एक तास त्यांना हवा होता, तो त्यांनी घेतला, आता बीजगणितातही पडदा लावून दाखवायचा? शाळेतल्या तंत्रज्ञानाचा ओघ खालून वर वाहतो. मुलांपर्यंत जेवढं पोहोचतं त्याच्या कितीतरी पट माहिती वर जाते. पोषण आहाराची जाते, हजेरीची जाते, लावलेल्या झाडांची जाते, त्या झाडांसोबतच्या आमच्या फोटोंचीही जाते. ज्या फोनवर मराठीच्या बाई रात्री वाचनं ऐकतात त्याच फोनवर 'तात्काळ, अतितात्काळ' येत असतं. उत्साह मावळतो तो तिथे. फोटोसाठी केलेला तास मुलांना ताबडतोब ओळखता येतो. ती शर्टाचं वरचं बटण लावून बसतात.

सरांनी फोटो भरला नाही. तो मी भरला, अर्थात. तंत्रस्नेही आणखी कशासाठी असतो? सर जिओजेब्रा वर्तुळाच्या प्रकरणालाच वापरतात, बाकी वर्षभर खडू. इतिहासाच्या बाई अजूनही वह्याच तपासतात, पण परवा त्यांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, की जुने नकाशे एकावर एक ठेवून दाखवता येतात का. मी 'बघतो' म्हणालो. लगेच 'हो' म्हटलं असतं तर त्यांनी पुन्हा वही उघडली असती.

म्हणून शिक्षकांना डिजिटल करायला निघालेल्या सगळ्यांना, मुख्याध्यापकांपासून मंत्रालयापर्यंत, माझी एवढीच विनंती आहे. नवीन ॲप देऊ नका, आहेत ती पुष्कळ आहेत. आठवड्यातला एक ऑफ तास दोन शिक्षकांना एकाच वेळी मोकळा द्या. त्यांना एका बाकावर बसू द्या, एकाला अडलेलं दुसऱ्याला सांगू द्या. त्या तासाला बदली तास लावू नका, किल्ली ऑफिसात ठेवू नका. आणि कृपा करून त्याचा फोटो मागू नका.